एक पेला पाणी, कळसूबाईच्या वाटेवर



आगमनकाळ सुरू होण्याच्या आदल्या शनिवारी आमच्या चर्चमधील 17 जण कळसूबाईचं शिखर चढून आले. सोबत देणग्यांच्या वह्या होत्या. जमलेला पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यायचा आणि चढताना वाटेवर युद्धकैद्यांसाठी प्रार्थना करायची, असं ठरलं होतं. मोहीम कशी झाली ते लिहा, असं फादरांनी मला सांगितलं. मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा वही मिटली. कारण खरं लिहायचं तर माझी एक चूकही लिहावी लागणार होती. आज ती लिहिते आहे.

आधी हे सगळं सुचलं कसं ते सांगते.

माझं माहेर संगमनेरकडचं. लग्न होऊन आमोण्यात आले त्याला आता 21 वर्षं झाली. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. 21 जून 1942 रोजी लिबियातलं तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं आणि 30,000 हून अधिक सैनिक एका दिवसात कैदी झाले. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही त्यांत होती. आजोबाही त्यांतच होते. समुद्रापलीकडे इटलीत, आवेझ्झानो गावाजवळच्या छावणीत त्यांना ठेवलं होतं. ही छावणी हिंदी कैद्यांचीच होती आणि चारी बाजूंना अब्रुझ्झीचे उंच डोंगर होते.

8 सप्टेंबर 1943 रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मसणाच्या दिवशी, इटलीने शरणागती जाहीर केली. जर्मन येऊन ताबा घेण्याच्या आत जमेल त्याने डोंगराची वाट धरली. आजोबाही निघाले. पायांत धड बूट नव्हते, भाषा येत नव्हती. तिसऱ्या रात्री एका मेंढपाळाच्या घरात त्यांना आसरा मिळाला. पळालेल्या कैद्याला घरात घेणाऱ्याला मृत्युदंड, असं जर्मनांनी जाहीर केलं होतं. त्या घरात चार लहान मुलं होती. तरीही त्या घरच्या बाईने यांना मक्याच्या पिठाची घट्ट लापशी वाढली आणि गोठ्यावरच्या माळ्यावर झोपायला जागा दिली. तोंडाने बोलता येत नव्हतं, पण संध्याकाळी ते कुटुंब जपमाळेला बसलं तेव्हा आजोबांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ म्हटली. त्या काळी आपल्याकडे लॅटिन प्रार्थनाही शिकवत. ती बाई रडायला लागली म्हणे. पुढे जून 1944 मध्ये दोस्त सैन्य तिथे पोहोचेपर्यंत आजोबा त्या डोंगरातच होते.

आजोबा घरी हे फारसं सांगत नसत. आम्हाला दिसायची ती एकच गोष्ट. रात्री जेवायला बसताना ते आपल्या ताटातली एक भाकरी बाजूला काढून ठेवत. कोणी आलं तर त्याला, नाहीतर सकाळी भिकाऱ्याला. लहानपणी मला वाटायचं की म्हाताऱ्या माणसांना अशा सवयी असतातच. आजोबा गेल्यावर आईने मला त्या भाकरीचा अर्थ सांगितला. त्या कुटुंबाला आजोबांनी एकही पत्र पाठवलं नव्हतं. पत्ता लिहून घेतला होता, पण तो परतीच्या प्रवासात हरवला. हे ओझं त्यांनी मरेपर्यंत वागवलं.

गेल्या ऑगस्टमध्ये तरुण मंडळाची बैठक होती. कुठेतरी ट्रेकला जाऊ या, अशी मुलांची इच्छा होती. नुसतं भटकण्यापेक्षा काही चांगलं काम जोडून घ्या, असं फादर म्हणाले. तेव्हा मला आजोबा आठवले. मी म्हटलं, “कळसूबाई चढू या. माझ्या माहेरच्या मुलखातला डोंगर आहे. आणि युद्धकैद्यांच्या सन्मानासाठी निधी गोळा करू या.”

एका मुलाने लगेच विचारलं, “टीचर, चर्चचा आणि युद्धकैद्यांचा काय संबंध?”

प्रश्न चांगला होता. त्यावर मी पुढच्या दोन रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात बोलले. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशयाचं पुस्तक उघडून जो उतारा वाचला, त्यात बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे. संत पौलाची कितीतरी पत्रं तुरुंगातून लिहिलेली आहेत. इब्रीकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात सांगितलं आहे की कैद्यांची आठवण ठेवा, जणू तुम्हीही त्यांच्याबरोबर बांधलेले आहात. आणि कैद्यांसाठी पैसे गोळा करणं ही ख्रिस्तसभेची 800 वर्षांहून जुनी रीत आहे. माथा येथील संत योहानने 1198 च्या सुमारास ट्रिनिटेरियन संघ सुरू केला. संत पीटर नोलास्कोने 1218 मध्ये बार्सिलोनात मर्सिडेरियन संघ स्थापला. समुद्रावर आणि लढायांत पकडल्या गेलेल्या कैद्यांना खंडणी भरून सोडवणं हेच त्यांचं काम होतं. दारोदार फिरून ते पैसे जमवत. मर्सिडेरियन बंधू तर चौथं व्रतही घेत: पैसे कमी पडले आणि कैद्याचा विश्वास डळमळू लागला, तर त्याच्या जागी मी स्वतः ओलीस राहीन.

मुलं गप्प होऊन ऐकत होती. मग योजना ठरली. कळसूबाईची उंची 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वाटेचे 16 टप्पे करायचे, दर टप्प्याला थांबून एकेका कैद्यासाठी किंवा कैद्यांच्या गटासाठी प्रार्थना करायची आणि देणगीदाराने टप्प्यामागे जमेल ती रक्कम द्यायची. प्रवासाचा खर्च ज्याचा त्याने. एका चलाख मुलीने शंका काढली की बारी गावच मुळात चांगलं उंचावर आहे, मग आपण पूर्ण 1,646 मीटर चढतच नाही! खरं होतं. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं. देवाच्या कामात मोजमाप खोटं नको.

टीकाही झाली. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचा नोव्हेना चालू असताना तुम्ही एवढ्या लांब कशाला जाता, असं काहींनी विचारलं. बसभाड्याचे पैसेच थेट निधीला द्या ना, असंही कोणी म्हणालं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतं. मी एवढंच म्हटलं की मुलांच्या पायांनी आणि छातीने जे शिकायचं आहे ते बसभाड्याच्या पावतीने शिकता येत नाही.

आता माझ्या चुकीकडे येते.

नावांची यादी मी केली. दृढीकरणाच्या वर्गात 16 वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचे वडील कोलवाळच्या तुरुंगात कच्चे कैदी आहेत. पैशाच्या व्यवहाराचं प्रकरण आहे, निकाल अजून लागलेला नाही. आई काजूच्या कारखान्यात जाते. मुलगा वर्गाला वेळेवर येतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपली की सगळ्यांच्या आधी निघून जातो. त्याने तीन वेळा हात वर केला होता. यादी लावताना दोन पालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तो येणार असेल तर आमची मुलं नकोत. रात्रीचा मुक्काम आहे, पैशांच्या वह्या आहेत.” मी वाद घातला नाही. खर्च त्याला परवडणार नाही, उगाच त्याच्या आईवर भार नको, असं मीच माझ्या मनाला समजावलं आणि त्याचं नाव लिहिलं नाही. त्याला मी काही सांगितलंही नाही. फलकावर यादी लागली, त्याने ती वाचली आणि तो सायकलवर बसून गेला.

बंधू-भगिनींनो, त्याच संध्याकाळी मी मत्तयाच्या 25 व्या अध्यायावर मुलांसाठी टिपणं लिहिली. न्यायाच्या दिवशी राजा विचारतो, मी तुरुंगात असताना तुम्ही मला भेटायला आलात का. त्या टिपणांत मी तोब्रुक लिहिलं, आवेझ्झानो लिहिलं. घरापासून दोन किलोमीटरवरचा मुलगा मला आठवला नाही.

निघायच्या चार दिवस आधीची गोष्ट. माझे सासरे 80 वर्षांचे आहेत, मी त्यांना बाबा म्हणते. देणगीची वही मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खिशातून 1,600 रुपये काढले, टप्प्यामागे 100. मग बराच वेळ ते गप्प बसले. नंतर म्हणाले, “बाये, मी पण युद्धकैदी पाहिलेत. फोंड्याला.”

गोव्याच्या मुक्तीच्या वेळी बाबा 16 वर्षांचे होते. त्यांच्या थोरल्या भावाला पोर्तुगीज पोलिसांनी चळवळीच्या संशयावरून उचललं होतं, बेदम मारलं होतं आणि आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवलं होतं. सुटून आल्यावरही त्यांचा एक कान कायमचा गेला. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज सैन्याने शरणागती दिली आणि चित्र उलटलं. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक भारताचे युद्धकैदी झाले. नावेली, वास्को, फोंडा अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या. पुढे बहुतेकांना फोंड्यालाच आणलं.

बाबा सांगू लागले, “आम्ही चार पोरं होडीने पलीकडे गेलो आणि तिथून फोंड्याला. गंमत बघायला. तारेच्या पलीकडे ते कामाला लावलेले. एक जण अगदी माझ्याच वयाचा वाटत होता, मिसरूड पण फुटलं नव्हतं. माझ्या हातात पाण्याची बाटली बघून तो तारेजवळ आला आणि म्हणाला, ‘आग्वा’. मी बाटली पुढे केली. त्याने हात लावायच्या आत उलटी करून सगळं पाणी मातीत ओतलं. आम्ही सगळे हसलो.”

ते थांबले. मग म्हणाले, “पहाऱ्यावर आपला एक शीख जवान होता. त्याने मला काही मारलं नाही, शिवी पण दिली नाही. स्वतःची बाटली काढून त्या पोराला पाजली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बाये, त्या बघण्याचं काय करू ते मला अजून कळलेलं नाही. पापनिवेदनात सांगितलंय मी. देवाने माफ केलं असेल. पण ते पाणी काही परत बाटलीत येत नाही.”

बाबांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या भावाचा कान परत येणार नव्हता. पण तारेपलीकडच्या त्या मुलाने भावाला मारलं नव्हतं. आणि त्या मुलाचंही पुढे काही भलं झालं नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा लिस्बनहून हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न मानता शस्त्रं खाली ठेवली, म्हणून दोन्हीकडचे कितीतरी प्राण वाचले. मे 1962 मध्ये हे कैदी विमानांनी कराचीला आणि तिथून बोटींनी लिस्बनला पोहोचले, तेव्हा त्यांचं स्वागत झालं नाही. बंदुकीच्या धाकात, भेकड ठरवून त्यांना उतरवून घेतलं. वासालो इ सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकलं. 1974 च्या क्रांतीनंतरच त्यांचा हुद्दा त्यांना परत मिळाला. आपल्या घरी परतूनही कैदीच राहिलेली ती माणसं होती.

बाबांनी कपाटातून एक पितळी पेला काढला. “हा घेऊन जा. मला चढवणार नाही. वाटेत कोणाला तहान लागली तर ह्यातून पाणी दे. कोणालाही.”

त्या रात्री मला झोप आली नाही. बाबांच्या गोष्टीतला पोर्तुगीज मुलगा डोळ्यांपुढून हटत नव्हता, आणि थोड्या वेळाने त्याचा चेहरा आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा झाला. त्याने तीनदा हात वर केला होता. मीही बाटली उलटीच केली होती, फक्त हसले नव्हते.

सकाळी मिस्सा झाल्यावर मी त्याच्या घरी गेले. आई कामावर निघायच्या तयारीत होती. मी दोघांची माफी मागितली. कारण काय घडलं तेही सांगितलं, खर्चाची सबब पुढे केली नाही. आई काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली. मुलगा खाली बघत होता. शेवटी म्हणाला, “टीचर, माझ्याकडे बूट नाहीत.” बूट माझ्या मुलाचे त्याला बसले. त्या दोन पालकांना मी फोन केला आणि सांगितलं की मुलगा येणार आहे, त्याची जबाबदारी माझी. एकाने आपल्या मुलीचं नाव काढून घेतलं. दुसरे म्हणाले, “बघू.” आणि त्यांनी मुलाला पाठवलं. म्हणून 17 झालो.

सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूर, पुणे असा रात्रभरचा प्रवास करून आम्ही संगमनेरला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अकोले, राजूरमार्गे बारीला पोहोचलो. गाव महादेव कोळी समाजाचं. वाटेत थंडी इतकी होती की आमची गोव्याची मुलं बोलायचीच बंद झाली. भाताची कापणी झालेली खाचरं ओलांडली की चढ लागतो. पुढे खडकाला बसवलेल्या लोखंडी शिड्या आहेत. खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

पहिला टप्पा तोब्रुकच्या कैद्यांसाठी होता, दुसरा त्यांना घरात घेणाऱ्या इटालियन कुटुंबांसाठी. तिसरा आग्वादमध्ये डांबलेल्या गोमंतकीय स्वातंत्र्यसैनिकांसाठी. चौथा मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल यांच्यासाठी. आग्वादला आपले बंदी आहेत असं कळल्यावर त्यांना सोडवायला हे दोघे निघाले आणि डिसेंबर 1961 मध्ये तिथेच गोळ्यांना बळी पडले. पाचवा टप्पा फोंड्याच्या पोर्तुगीज कैद्यांसाठी आणि त्यांच्याबरोबर राहिलेले येशूसंघीय फादर फेरेरा दा सिल्वा यांच्यासाठी. मार्च 1962 मध्ये काही कैद्यांनी कचऱ्याच्या गाडीतून पळायचा प्रयत्न केला आणि प्रकरण जिवावर बेतायची वेळ आली. तेव्हा फादर मध्ये पडले आणि संकट टळलं.

आठव्या टप्प्याला एक मुलगा धापा टाकत म्हणाला, “कैद्यांनी कधी डोंगर चढलाय का, टीचर? आम्हीच का?” तेव्हा मी फेलिचे बेनुत्सी यांची गोष्ट सांगितली. हे इटालियन गृहस्थ केनियात इंग्रजांच्या कैदेत होते. छावणीतून रोज माउंट केनिया दिसायचा. जानेवारी 1943 मध्ये ते दोन सोबत्यांना घेऊन छावणीतून निसटले. भंगारातल्या लोखंडातून बर्फात वापरायची हत्यारं बनवली होती आणि एका डब्यावरचं डोंगराचं चित्र हाच त्यांचा नकाशा. लेनाना शिखरावर झेंडा लावला आणि सगळे आपल्या पायांनी छावणीत परत आले! शिक्षा 28 दिवसांच्या कोठडीची झाली. छावणीच्या अधिकाऱ्याला त्यांची हिंमत आवडली, म्हणून सातच दिवसांत सोडलं. मुलं हसली आणि पाय पुन्हा चालू लागले.

अकरावा टप्पा 1971 च्या युद्धातल्या आपल्या कैद्यांसाठी होता. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर आणि त्यांचे दोन साथी, ग्रेवाल व हरीश सिंहजी, ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीच्या भिंतीला भोक पाडून बाहेर पडले आणि अफगाण सरहद्दीपासून थोड्याच अंतरावर पकडले गेले. 1 डिसेंबर 1972 ला ते वाघ्यावरून मायदेशी आले. बारावा टप्पा त्याच युद्धातल्या त्या 54 जणांसाठी, जे सरकारी यादीत आजही बेपत्ता आहेत. तिथे आम्ही काहीच बोललो नाही. ज्याच्या घरी अजून वाट बघणं चालू आहे, त्याच्यासाठी कोणत्या शब्दांत मागायचं?

तेराव्या टप्प्याला बाटल्या तळाला गेल्या. ऊन चढलं होतं. मी पिशवीतून बाबांचा पेला काढला आणि राखून ठेवलेल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. पहिला पेला त्या मुलाला दिला. त्याने विचारलं, “टीचर, हा कोणाचा पेला?” बाबांनी परवानगी दिली होती म्हणून मी सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. मातीत गेलेल्या पाण्याचीही सांगितली. पेला 17 जणांच्या हातांतून फिरला. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट आले असतील.

शिखरावर कळसूबाईचं छोटं देऊळ आहे. गावकरी दर्शनाला आले होते. आम्ही त्यांना नमस्कार केला, त्यांच्या श्रद्धेला आडकाठी होऊ नये म्हणून बाजूच्या कातळावर बसलो. समोर भंडारदऱ्याचं पाणी, अलंग, मदन आणि कुलंगचे कडे. सोळावा टप्पा बाकी होता. वहीत मी त्यापुढे “जगातले सर्व युद्धकैदी” असं लिहिलं होतं.

तो मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “टीचर, ह्या टप्प्याला माझ्या पप्पांचं नाव घेतलं तर चालेल? ते युद्धकैदी नाहीत. मला ठाऊक आहे.”

मला बोलता येईना. मी मान हलवली. आम्ही सगळे गोल उभे राहिलो आणि त्याने स्वतःच वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं. वर्गात दीड वर्षात मी त्याचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता. “बघू” म्हणणाऱ्या पालकांचा मुलगा त्याच्या शेजारी होता. आमेन म्हणताना त्याने याच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच घडलं. चमत्कार म्हणावा असं काही झालं नाही.

एकूण 43,260 रुपये जमले. ध्वजदिनाच्या आधी, म्हणजे 7 डिसेंबरपूर्वी, ते पणजीला सैनिक कल्याण कार्यालयात भरले आणि पावती चर्चच्या फलकावर लावली आहे. ज्या आईवडिलांनी मुलीचं नाव काढून घेतलं, त्यांनीही आपले पैसे परत मागितले नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेली नाही. चार दिवस आधी मीही तिथेच उभी होते.

घरी आल्यावर मी पेला बाबांना परत दिला. त्यांनी विचारलं, “कोणी पाणी मागितलं?” मी म्हटलं, “मागितलं नाही बाबा, पण तहान लागलेली होती.” पहिला पेला कोणाला दिला ते सांगितलं. बाबा उठले, पेला धुऊन पुसला आणि कपाटात ठेवायच्या ऐवजी माठावर उपडा ठेवला. तो आता तिथेच असतो.

माझ्यासारख्या धर्मशिक्षकांना एक मोह नेहमी असतो. लांबचा कैदी आपल्याला पवित्र वाटतो. त्याच्याबद्दल बोलताना गळा दाटतो, पैसे जमतात, छायाचित्रं छान येतात. जवळच्या कैद्याचं घर मात्र आपण रस्ता बदलून टाळतो. लांबच्या कैद्याचा सन्मान करू नये असं मी म्हणत नाही. देशासाठी कैद भोगलेल्या जवानांचं ऋण मोठंच आहे आणि पुढच्या वर्षीही आम्ही हा निधी गोळा करणार आहोत. पण मत्तयाच्या त्या अध्यायातला राजा कैद्याची चौकशी करताना गुन्हा कोणता, युद्ध कोणतं, देश कोणता हे विचारत नाही. तुम्ही आलात का, एवढंच विचारतो.

म्हणून एक विनंती. हे वाचून झाल्यावर आपल्या चर्चच्या परिसरात असं एक घर आठवा, जिथला माणूस तुरुंगात आहे. फार काही करू नका. त्या घरच्या मुलाला वर्गात पुढच्या बाकावर बोलवा. मिस्सानंतर त्याच्या आईशी दोन शब्द बोला. तुमच्या यादीतून कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते लिहा. शाई अजून वाळलेली नाही.

(हा लेख बाबांनी, तसंच त्या मुलाने आणि त्याच्या आईने आधी वाचला आहे. तिघांच्या होकारानेच इथे देत आहे.)

हे प्रभू येशू, तू स्वतः बांधला गेलास, पहाऱ्यात रात्र काढलीस, आणि क्रुसावर तुलाही तहान लागली. जे युद्धात पकडले गेले, जे परत आले, ज्यांची अजून वाट बघितली जाते, त्या सर्वांना तुझ्या हाती देतो. त्यांना डोंगरात आसरा देणाऱ्या अनोळखी माणसांना आशीर्वाद दे. आमच्या हातून मातीत सांडलेल्या पाण्याची आम्हाला क्षमा कर, आणि ज्याला आज तहान लागली आहे तो आमच्या डोळ्यांना दिसू दे. आमेन.